पोर्ट बसवलाय, मग रक्त पातळ करायची गोळी का देत नाहीत?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी ताई यावल तालुक्यातली लेक, सासर भुसावळचं. आई ५८ वर्षांची. डाव्या बाजूच्या ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे आणि त्यासाठी उजवीकडे कॉलरबोनच्या खाली पोर्ट, म्हणजे कातडीखालची छोटी डबी आणि तिच्यापासून मोठ्या शिरेत गेलेली नळी, बसवलाय. मधेच धुळ्याच्या मामांचा हात सुजला. त्यांना जठराचा कॅन्सर आहे आणि दंडात पिक लाईन, म्हणजे दंडाच्या शिरेतून छातीपर्यंत नेलेली बारीक नळी, आहे. डॉप्लर म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली तर शिरेत रक्ताची गुठळी निघाली आणि रक्त पातळ करायची पोटात घ्यायची इंजेक्शनं, मग गोळी सुरू झाली. तेव्हापासून भाऊ मागे लागलाय की मायलाही आधीच रक्त पातळ करायची गोळी चालू करा. डॉक्टर म्हणाले गरज नाही. भाऊ म्हणतो मेडिकलवाला ओळखीचा आहे, मामांच्या फाईलमधलीच गोळी आणतो. ताईने तोवर काळजीपोटी आईचा उजवा हात हलवणंच बंद केलंय, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. आता विचारतायत, गोळी द्यायची का, पोर्ट काढून टाकायचा का, की डॉक्टरच बदलायचा?

ताई, उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. मेडिकलमधून गोळी आणू नका, मामांच्या फाईलमधली तर अजिबात नाही. पोर्टही काढायचा नाही. आणि आईचा हात आजपासून हलू द्या, हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण गोळीवरून घरात एवढी भांडणं चाललीत आणि गुठळी व्हायला खरंच मदत होईल असं घरात काही होत असेल तर ते हेच, की बाईला गादीवर बसवून ठेवलंय.

तुमची भीती खोटी नाही. कॅन्सरमध्ये रक्त तसंही लवकर गोठतं, केमोने त्यात भर पडते, आणि त्यात शिरेच्या आत एक नळी चोवीस तास पडून असली की तिच्या आजूबाजूला रक्ताचा वेग मंदावतो, शिरेच्या आतल्या अस्तराला नळी घासते, मग तिथे गुठळी धरू शकते. पण किती जणांना? हात सुजला, दुखायला लागला अशी त्रास देणारी गुठळी अशा नळ्या असलेल्या १०० पेशंटमध्ये साधारण ५ च्या आसपास लोकांना होते, पोर्टमध्ये कमी, दंडातल्या पिक लाईनमध्ये जास्त. आणि होणार असेल तर बहुतेक वेळा नळी बसवल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत होते. म्हणजे लक्ष ठेवायचं ते आत्ताच, हे तुमचं बरोबर आहे, फक्त लक्ष कुठे ठेवायचं ते जरा चुकतंय.

आता मामा आणि माय यांची तुलना. घरात दोन कॅन्सरचे पेशंट असले की असं होतंच, एकाची फाईल दुसऱ्याला लावून बघतात, त्यांना हे दिलं मग आपल्याला का नाही. पण दोघांची गोष्ट किती वेगळी आहे बघा. अमेरिकेतले डॉ. आलोक खोराना यांनी २००८ मध्ये गुठळीचा धोका मोजायची एक साधी पद्धत मांडली, आज जगभर खोराना स्कोअर म्हणून वापरतात. केमो सुरू व्हायच्या आधीच्या तपासण्यांवर गुण द्यायचे. जठराचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर असेल तर सरळ २ गुण. फुप्फुस, लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचा, गर्भाशय-अंडाशयाकडचे, मूत्राशयाचा, अंडकोषाचा, यांना १. ब्रेस्टला शून्य. मग प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, साडेतीन लाख किंवा वर असतील तर १, हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर १, पांढऱ्या पेशी ११,००० च्या वर असतील तर १, आणि वजन फारच जास्त म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ किंवा पुढे असेल तर १. म्हणजे मामा नुसत्या आजाराच्या नावावरच २ गुण घेऊन बसलेत, वर पिक लाईन. तुमची माय शून्यापासून सुरू होतेय आणि तिला पोर्ट आहे.

पहिल्या केमोच्या आधीचा सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचा, कागद फाईलमधून काढून बघा. आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊ असणं काही नवीन नाही, तेवढ्यावरून १ गुण येऊ शकतो. पण या स्कोअरमध्ये नळीचा हिशोब धरलेला नाही, आणि आधी कधी पायात गुठळी झाली होती का तेही यात येत नाही. म्हणून हा कागद घेऊन घरी निर्णय करायचा नाही, डॉक्टरांना विचारायला विषय म्हणून न्यायचा. सोबत हेही सांगा की मायला किंवा तिच्या बहीण-भावांना कमी वयात कधी गुठळी झाली होती का, बाळंतपणात पाय सुजून इंजेक्शनं घ्यावी लागली होती का. ह्या गोष्टी आपल्याकडे कोणी विचारत नाही आणि घरचे पण आपणहून सांगत नाहीत, वाटतं त्याचा इथे काय संबंध. इथेच संबंध आहे.

आता भावाचा मुद्दा, की आधीच गोळी दिली तर काय बिघडलं. हा मुद्दा वेडेपणाचा नाही, मोठमोठ्या डॉक्टरांना पण तसंच वाटत होतं. १९९० मध्ये एका छोट्या अभ्यासात दिसलं की नळी असलेल्या कॅन्सर पेशंटला रोज १ मिलीग्रॅम वॉरफरिन हे रक्त पातळ करायचं औषध दिलं तर गुठळ्या खूप कमी होतात, आणि मग बऱ्याच ठिकाणी ही छोटी गोळी द्यायची पद्धतच पडली. पुढे मोठे अभ्यास झाले तेव्हा तो फायदा टिकला नाही. ब्रिटनमधला वार्प नावाचा अभ्यास २००९ मध्ये आला, दीड हजारावर पेशंट होते, त्यात छोटी गोळी घेणारे आणि काहीच न घेणारे यांच्यात नळीची गुठळी सारखीच निघाली, दोन्हीकडे १०० मागे ६ च्या आसपास. डोस रक्त तपासून वाढवला तर गुठळ्या थोड्या कमी झाल्या, पण मोठे रक्तस्राव वाढले. पोटातल्या इंजेक्शनचे पण अभ्यास झालेत, काहींत फायदा नाही, सगळे एकत्र धरले तर गुठळ्या काही कमी होतात असं दिसतं, पण त्यासाठी महिनोन्‌महिने रोज सुई टोचायची, खर्च, आणि त्यातून जगणं वाढतं असंही दिसलेलं नाही. म्हणून आज जगभरातल्या गाईडलाईन हेच सांगतात की नुसती नळी बसवलीय एवढ्या कारणावरून सगळ्यांना रक्त पातळ करायचं औषध द्यायचं नाही. तुमचे डॉक्टर नाही म्हणाले ते ह्याच्यातून आलंय. त्यांनी पाच मिनिटं बसून समजावलं असतं तर तुम्हाला पत्र लिहावं लागलं नसतं, हे मात्र मला मान्य आहे.

आणि केमोत रक्त पातळ करणं म्हणजे काय ते भावाला नीट सांगा. केमो दिल्यावर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी पेशी खाली येतात, प्लेटलेट पण. त्याच दिवसांत तोंड सोललेलं असतं, संडासला कडक होतं, त्यात रक्त पातळ करायची गोळी आणि वरून अंग दुखतं म्हणून कोणीतरी दिलेली डायक्लोफेनॅकची गोळी, झालं, हिरड्यातून नाहीतर पोटातून रक्त. प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेले की ज्यांना खरोखर गुठळी झालीय त्यांचासुद्धा डोस डॉक्टर कमी करतात किंवा थांबवतात. मेडिकलवाला कितीही ओळखीचा असला तरी त्याच्याकडे तुमच्या मायचा परवाचा सीबीसी नाही. अजून एक, मामांचा डोस हा झालेली गुठळी विरघळेपर्यंतचा उपचाराचा डोस आहे, होऊ नये म्हणून देतात तो वेगळा आणि कमी असतो. तीच गोळी आणली तर मायला उपचाराचा डोस सुरू होईल, आजार नसताना.

मग ही औषधं कोणालाच आधी द्यायची नाहीत का, तर तसंही नाही. ज्यांचा खोराना स्कोअर २ किंवा जास्त आहे अशांना ॲपिक्साबॅन ही रक्त पातळ करायची गोळी २.५ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा देऊन कॅनडात अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. गुठळ्या १०० मागे १० वरून ४ वर आल्या, पण मोठा रक्तस्राव जवळजवळ दुप्पट झाला, १०० मागे २ च्या आसपास होता तो साडेतीन. म्हणजे मामांसारख्या पेशंटला केमो सुरू करतानाच विचार करण्यासारखी गोष्ट आहे, तीही डॉक्टर बाकी धोके बघून ठरवतात. तसंच पेशंट ताप-इन्फेक्शनने ॲडमिट होऊन अंथरुणाला खिळला, किंवा पोटाचं कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं, तर तेवढ्या दिवसांपुरती इंजेक्शनं देतात. उद्या मायला ॲडमिट करायची वेळ आली आणि तिथे पोटात इंजेक्शन द्यायला लागले तर आधी नाही म्हणाले आणि आता देतायत म्हणून भांडू नका, परिस्थिती बदललेली असते.

पत्रात तुम्ही एक लिहिलंय की दर वेळी सिस्टर पोर्टमध्ये हेपरिन सोडते, म्हणजे रक्त पातळ करायचं औषध मिळतंयच ना. हे बऱ्याच जणांना वाटतं. तुमच्याकडे केळीच्या बागेत ठिबक असणार, लॅटरलमध्ये क्षार बसू नये म्हणून ॲसिड सोडता, तर त्याने नळी आतून मोकळी राहते, बाहेरच्या मातीचं काही होत नाही. तसंच हे. हेपरिन सोडून नळी धुतात त्याला फ्लश म्हणतात, आणि फ्लश हा नळी आतून तुंबू नये म्हणून आहे, नळीच्या बाहेर शिरेत गुठळी होऊ नये म्हणून नाही. पण म्हणून तो चुकवायचा नाही. सलाईन जातंय पण रक्त मागे येत नाही असं सिस्टर कधी म्हणाली तर घाबरून जाऊ नका, बऱ्याचदा नळीच्या टोकावर फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या धाग्यांचा, पातळ पापुद्रा धरलेला असतो, हात वर करून, मान फिरवून, खोकून बघतात, नाही जमलं तर त्यात औषध सोडून मोकळं करतात. फक्त अशा वेळी दोन मिलीच्या छोट्या सिरींजने कोणी जोर लावत असेल तर थांबवा. छोट्या सिरींजने प्रेशर जास्त येतं, नळी फाटू शकते, पोर्टला दहा मिली किंवा मोठीच सिरींज आणि पोर्टची खास ह्युबर सुईच लागते. गावातल्या दवाखान्यात साध्या सुईने पोर्टमधून सलाईन लावायचा आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा.

आता हाताकडे येते. पोर्ट बसवल्यावर पहिले एक-दोन आठवडे टाके भरेपर्यंत जड उचलायचं नाही, पाण्याचा हंडा, धान्याचं पोतं, नातवंड कडेवर, हे नाही. तिथून पुढे रोजचं हलकं काम करायचं. वेणी घालणं, भाजी निवडणं, कपडे वाळत टाकणं, डॉक्टरांनी जखम बघून हो म्हटलं की भाकरी थापणं सुद्धा. हाताचे स्नायू हलले की शिरेतलं रक्त पुढे सरकतं, हात गळ्यात बांधल्यासारखा ठेवला की तिथेच रेंगाळतं, आणि खांदा आखडतो तो वेगळाच. नळी जागेवरून निसटेल अशी भीती असते, पण पोर्टची डबी कातडीखाली खिसा करून बसवलेली असते, तांब्या उचलल्याने ती हलत नाही. घरातल्या घरात, अंगणात, संध्याकाळी ऊन उतरलं की गल्लीच्या टोकापर्यंत चालायला लावा. मे मध्ये भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो हे मी तुम्हाला काय सांगणार, त्यात केमोच्या उलट्या, बाई पाणी पीत नाही कारण पाण्याला लोखंडासारखी चव लागते. मग ताक द्या, लिंबू सरबत द्या, वरणाचं पाणी द्या, पण कोरडं पडू देऊ नका. किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल तर किती प्यायचं ते विचारून. मुंबईला दाखवायला नेत असाल तर रेल्वेत दर तासाला-दीड तासाला उठवून डब्यात चार पावलं चालवा, बसल्या जागी पाऊल खाली-वर करायला सांगा.

आणि घरात करायची माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे टेप. शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये असते तीच. कोपराच्या टोकापासून दहा सेंटीमीटर वर पेनाने खूण करा, तिथे दंडाचा घेर मोजा, दोन्ही हातांचा, आठवड्यातून एकदा, सकाळी, आणि कॅलेंडरवर लिहा. दोन्ही हातांचा यासाठी की तुमच्या मायचं ऑपरेशन डावीकडे झालंय आणि पोर्ट उजवीकडे आहे. डावा हात हळूहळू, महिन्या-दोन महिन्यांत जड व्हायला लागला तर बगलेतल्या गाठी काढल्यामुळे येणारी सूज असू शकते, त्याचा इलाज वेगळा. उजवा, म्हणजे पोर्टच्या बाजूचा हात दोन-चार दिवसांत भरला, घेर दोन सेंटीमीटरने वाढला, बांगड्या रुतायला लागल्या, तर गुठळीचा विचार आधी. कोणताही हात अचानक सुजला तर दाखवायचंच, घरी निदान करत बसायचं नाही, पण डॉक्टरांना फोनवर आकडा सांगता आला की त्यांनाही समजतं किती घाई आहे.

सूज एकटीच येते असं नाही. दंड किंवा खांदा ठणकतो, हाताचा रंग निळसर-जांभळट दिसतो, मान किंवा चेहरा एका बाजूला फुगलेला वाटतो, सकाळी जास्त, छातीवर आणि खांद्यावर शिरांचं जाळं आधी दिसत नव्हतं ते दिसायला लागतं. ह्यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा, पुढच्या केमोच्या तारखेची वाट बघायची नाही. डॉप्लर सोनोग्राफी होते, सुई नाही, दुखत नाही. आणि अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, चक्कर येऊन पडली, खोकल्यातून रक्त आलं, तर १०८ ला फोन, डॉक्टरांना नंतर. पोर्टची सुई लावल्यावर थंडी वाजून ताप भरला तर ते इन्फेक्शन असू शकतं, तेही त्याच दिवशी.

एक विनंती, सुजलेला हात तेल लावून रगडायचा नाही. आपल्याकडे सूज दिसली की पहिलं तेल गरम होतं, आजूबाजूच्या चार बाया सांगतात चोळून घे, उतरेल. गुठळीवर मालिश करायची नसते. उशीवर हात उंच ठेवा आणि निघा.

तुम्ही विचारलंय की काहीच त्रास नसताना दर महिन्याला डॉप्लर करून घेऊ का. नको. त्रास न देणाऱ्या बारीक गुठळ्या बऱ्याच जणांत सापडतात, त्यातल्या पुष्कळ काही करत नाहीत, पण एकदा कागदावर आली की औषधं आणि भीती दोन्ही मागे लागतात. लसणाच्या पाकळ्या आणि हळदीच्या कॅप्सूल पण यावरचा उपाय नाही. जेवणातली हळद-लसूण खुशाल खा, कॅप्सूल चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. मामांना पुढे कधी वॉरफरिन दिलं तर पालक-मेथीचं प्रमाण रोज सारखं ठेवायला सांगतात, केळीचा त्याच्याशी काही संबंध नाही, तेवढं त्यांना कळवा, नाहीतर कोणीतरी ते पण बंद करेल.

पोर्ट काढून हाताच्या शिरेतूनच केमो घ्यायची का, या प्रश्नाचं उत्तर ते लाल औषध बघून द्यावं लागतं. तुम्ही लिहिलंय की मायला लाल सलाईन लावतात, ते डॉक्सोरुबिसिन किंवा त्याच कुळातलं औषध असणार. ते शिरेबाहेर सांडलं तर कातडी आणि खालचं मांस जळतं, महिनोन्‌महिने न भरणारी जखम होते. त्यात डावा हात ऑपरेशनच्या बाजूचा, म्हणजे दर वेळी एकाच उजव्या हाताच्या शिरा शोधायच्या. मायसाठी पोर्टचा फायदा गुठळीच्या धोक्यापेक्षा मोठा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि समजा गुठळी झालीच, तरी पोर्ट लगेच उपटत नाहीत. तो चालू असेल, जागेवर असेल, इन्फेक्शन नसेल आणि केमो बाकी असेल तर तसाच ठेवून रक्त पातळ करायचं औषध देतात, कमीत कमी तीन महिने, आणि पोर्ट आत आहे तोवर. केमो थांबत नाही शक्यतो.

काढायचा विचार करायचा तो केमो आणि पुढची पोर्टमधून द्यायची औषधं संपल्यावर. तेव्हा मात्र टाळू नका. केमो संपली की लोक पोर्ट विसरतात, लग्नसराई येते, केळीची कापणी येते, महिन्याचा फ्लश चुकतो आणि दोन वर्षं डबी छातीत तशीच. काही ठिकाणी फ्लश दर चार आठवड्यांनी करतात, काही ठिकाणी अंतर वाढवून तीन महिन्यांपर्यंत नेतात, तुमच्या हॉस्पिटलचं वेळापत्रक विचारून घ्या. पुढे मायला टॅमॉक्सिफेन ही ब्रेस्ट कॅन्सरनंतर द्यायची हार्मोनवरची गोळी सुरू झाली तर त्या गोळीनेही गुठळीचा धोका थोडा वाढतो, म्हणजे गरज संपलेला पोर्ट आणि ती गोळी सोबत चालू ठेवायचं काही कारण नाही, हे तेव्हा आठवणीने विचारा.

राहिला डॉक्टर बदलायचा प्रश्न. गोळी दिली नाही एवढ्यावरून बदलू नका, कारण त्यांनी चुकीचं काही केलेलं नाही. पुढच्या वेळी भावालाच सोबत न्या, तुम्ही दोघं घरी भांडण्यापेक्षा त्याने समोर विचारलेलं बरं. विचारायचं असं, आईचा खोराना स्कोअर किती येतो, पोर्टच्या नळीचं टोक एक्सरेत बरोबर जागी म्हणजे हृदयाच्या जरा वरच आहे ना, हात सुजला तर रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, आणि कोणत्या परिस्थितीत तुम्ही स्वतः रक्त पातळ करायचं औषध सुरू कराल. ओपीडीत गर्दी असते, म्हणून कागदावर लिहून न्या आणि केमोच्या दिवशी सलाईन चालू असताना विचारा, तेव्हा डॉक्टर राउंडला येतातच. एवढं विचारूनही ते तोडून बोलले, किंवा सूज आल्यावर बघू पुढच्या वेळी म्हणाले, तर दुसऱ्या कॅन्सरच्या डॉक्टरांचं मत घ्यायला हरकत नाही, फाईल, बायोप्सी आणि पोर्टचं कार्ड सोबत न्या. पोर्टचं कार्ड मिळालंच नसेल तर ते आधी मागून घ्या, कोणत्या कंपनीचा, कधी बसवला, सीटी स्कॅनचं डाय त्यातून प्रेशरने देता येतं की नाही हे त्यावर लिहिलेलं असतं, आणि उद्या मायला रात्री दुसऱ्याच हॉस्पिटलला न्यावं लागलं तर तिथल्या सिस्टरला पहिलं तेच लागेल.